डब्याचं वजन

आमचे हे भंगाराच्या यार्डात वजनकाट्यावर असतात. बावीस वर्षं झाली. ट्रक आधी भरलेला चढतो, मग रिकामा चढतो, मधला फरक हे लिहून घेतात. दिवसभर काचेच्या खिडकीमागे बसायचं आणि आकड्यांकडे बघायचं. कोणी भंगार ओलं करून आणलंय, कोणी तळाला दगड घातलेत, हे ह्यांना आकडा बघूनच कळतं. एकदा एका ट्रकवाल्याने भरलेल्या फेरीला आपल्या मेहुण्याला केबिनमध्ये लपवलं आणि रिकाम्या फेरीला गुपचूप उतरवलं. ह्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारलं, "पाहुणे चहाला गेले वाटतं?" तेव्हापासून ड्रायव्हर लोक ह्यांना किलोमास्तर म्हणतात, आणि ह्यांना ते मनापासून आवडतं.

यार्डात ठीक आहे हो. पण हा माणूस काटा घरी घेऊन येतो, त्याला काय करायचं?

चौदा वर्षांपूर्वी ह्यांनी एक जुनं गाडीघर घेतलं. मोटारीच्या मागे जोडून ओढत न्यायचं घर. चार बिछाने, एक घडीचं टेबल, वीतभर ओटा आणि दोन खिडक्या. पडदे मी शिवले. घरात आम्ही सगळे त्याला डबाच म्हणतो. पहिल्याच सहलीला उतारावर तो डबा मागच्या मागे असा हलायला लागला की मोटार रस्त्याच्या कडेला जाऊन थांबली. आमची थोरली तेव्हा दोन वर्षांची होती आणि मागच्या सीटवर शांत झोपलेली होती. नंतर कळलं की सामान सगळं मागे ठेवलं होतं, पुढचं नाक हलकं पडलं, म्हणून डबा झुलला. चूक कोणाची? सामान लावणाऱ्याची. सामान कोणी लावलं होतं? किलोमास्तरांनी.

झालं! दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो. आमचे हे तेव्हापासून पाणीसुद्धा फुंकून पितात.

निघायच्या आदल्या संध्याकाळी दाराच्या चौकटीला आकड्याचा काटा टांगला जातो. प्रत्येक पिशवी त्याला लटकवायची, आकडा वहीत लिहायचा, मग ती डब्यात कुठे ठेवायची ते हे सांगणार. जड पुढे आणि खाली, हलकं मागे आणि वर. धाकट्याच्या गोट्यांची पिशवी एकदा परत घरात गेली. मी एकदा जाडसं पुस्तक घेतलं तर म्हणाले, "वाचून झालेली पानं घरी ठेवता येतील का?" हा विनोद होता की खरंच विचारत होते, ते मला आजतागायत कळलेलं नाही. मग मुलांना एकेक करून न्हाणीघरातल्या काट्यावर उभं करायचं. थोरली आता सोळा वर्षांची आहे, ती डोळे फिरवते आणि उभी राहते. मला मात्र उभं करत नाहीत. पहिल्या वर्षी विचारलं होतं, "तुझं किती?" मी म्हटलं, "बासष्ट. आणि पुन्हा विचारलंत तर डबा एकट्यानेच ओढा." चौदा वर्षं वहीत माझ्यापुढे बासष्ट लिहिलेलं आहे. एवढी अक्कल तरी आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी यार्ड उघडायच्या आत सगळी वरात यार्डात. टाकी काठोकाठ भरलेली, मी आणि मुलं मोटारीत बसलेले, मागे डबा, आणि सगळं एकदम वजनकाट्यावर. हे खिडकीमागे जाऊन आकडा बघतात, वहीतल्या बेरजेशी ताडून बघतात, आणि जुळलं की बाहेर येऊन म्हणतात, "चला." सहल सुरू.

आणि सहल कोणाची? ह्यांची आणि मुलांची. माझं फक्त स्वयंपाकघर बदलतं. घरी ओटा माझ्या कमरेइतका तरी आहे, डब्यात तो गुडघ्यापाशी. लोक तळ्याकाठी पाय सोडून बसतात आणि मी वाकून कांदे चिरते. "आई, बाहेर ये ना, किती छान आहे!" अगं येते हो, पण जेवायला काय माझं डोकं देऊ? दरवर्षी परत आल्यावर म्हणायचं, पुढच्या वेळी मी शेगडी पेटवणार नाही. दरवर्षी ह्यांनी म्हणायचं, "बघू." पालथ्या घड्यावर पाणी.

आता ह्या वर्षीचं सांगते.

मी कपडे दुरुस्त करते. लाँड्रीच्या दुकानात एका कोपऱ्यात माझं मशीन आहे. लोक जाड होतात, बारीक होतात, मी शिवण उसवते, बाहेर काढते, आत घेते. ह्या वर्षी मी माझे स्वतःचे कपडे दोनदा आत घेतले. पहिल्यांदा बरं वाटलं. दुसऱ्यांदा टीप घालताना हात थांबले. माझी अक्का, माझी थोरली बहीण, अशीच कपडे आत घेत घेत गेली. तिचे कपडे मीच आत घेत होते आणि "काय बाई, सडपातळ झालीस!" म्हणून तिला चिडवत होते.

मी एकटीच दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी काट्यावर उभं केलं, आकडा बघितला, पोट दाबून बघितलं आणि एका कागदावर चार तपासण्या लिहून दिल्या. "ह्याच आठवड्यात करा," म्हणाल्या. तो कागद माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात तीन आठवडे पडून होता.

ह्यांना का नाही सांगितलं? खरं सांगू? एक तर भीती. तोंडातून शब्द काढला की खरं होईल असं वाटत होतं. आणि दुसरं म्हणजे राग. ज्या माणसाला साबणाची वडी अर्धी झालेली कळते, त्याला शेजारी झोपणारी बायको दिसू नये? मला वाटत होतं ह्यांनी विचारावं. बस, एवढंच. एकदा माझ्याकडे नीट बघून विचारावं, की काय झालंय तुला. मी रोज वाट बघायची आणि हे रोज जेवताना यार्डातल्या ट्रकच्या गोष्टी सांगायचे.

तर ह्या वेळी मी ठरवलं की स्वयंपाक करायचा नाही. वाकायची ताकदच उरली नव्हती, पण ते कारण सांगितलं असतं तर सगळंच सांगावं लागलं असतं. आदल्या संध्याकाळी ह्यांनी भांड्यांची पेटी वजन करून डब्यात पुढे बाकाखाली ठेवली. शेगडी, छोटा सिलिंडर, कुकर, पातेली, तवा, सगळं मिळून पंधरा किलो. हे आंघोळीला गेले आणि मी पेटी उघडून सगळं बाहेर काढलं, दोन फेऱ्यांत घरात नेलं, ओट्यावर मांडलं आणि वर चादर टाकली. पेटी रिकामीच बंद केली. बघू दे म्हटलं, तिथे गेल्यावर उघडतील आणि मग मी बोलेन. चौदा वर्षांचं सगळं बोलेन. भाषण तयार होतं माझं.

काट्याचा विचार मात्र डोक्यातच आला नव्हता. सकाळी मोटार काट्यावर चढली तेव्हा आला. अगं बाई, पंधरा किलो! हे खिडकीमागे गेले. आकडा बघितला. वही बघितली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा बघितलं. मला खिडकीतून त्यांचं डोकं तेवढं दिसत होतं. मग त्यांनी मान वर केली आणि मोटारीकडे बघितलं, बराच वेळ. मी पटकन पर्स उघडून काहीतरी शोधायला लागले.

हे बाहेर आले, मोटारीत बसले, पट्टा लावला.

"बाबा, जुळलं का?" धाकट्याने विचारलं.

"चला," हे म्हणाले.

मला हायसं वाटायला हवं होतं. उलट तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे शेगडी काय आणि मी काय, काहीच कळत नाही ह्यांना! उगाच लोक किलोमास्तर म्हणतात. रस्ताभर मी खिडकीबाहेर बघत बसले आणि मनातल्या मनात भाषणात भर घालत गेले.

तळ्याकाठच्या त्या जागेवर आम्ही पूर्वीही तीन-चारदा आलो होतो. झाडाखाली आखलेल्या जागा, नळ, थोड्या अंतरावर एक खाणावळ. पोचल्यावर ह्यांचा ठरलेला खेळ सुरू झाला. डबा सोडायचा, चाकांखाली फळ्या सारायच्या आणि पाणसळ लावायची. ही पाणसळ माझ्या सासऱ्यांची. ते गवंडी होते. लाकडी पट्टी, मधे काचेच्या नळीत पाणी आणि त्यात एक बुडबुडा. बुडबुडा मधोमध आल्याशिवाय डब्यात कोणी पाऊल टाकायचं नाही. सासरे गेल्यावर ह्यांनी त्यांच्या घरातून दुसरं काही आणलं नाही, एवढी पट्टी आणली आणि गाठोड्यात बांधून जपली. मुलांनी हात लावलेला खपत नाही.

बुडबुडा मधोमध आला. आता शेगडी. मी कमरेवर हात ठेवून दारात उभी राहिले. घोडामैदान जवळच होतं.

"आज खाणावळीतच खाऊ," हे म्हणाले.

मी म्हटलं, "काय?"

"प्रवास झालाय. कशाला लगेच पेटवतेस."

चौदा वर्षांत पहिल्यांदा! आणि तेही माझं भाषण तोंडाशी आलेलं असताना. गप्प बसून खाणावळीत गेले, सूप आणि पाव खाल्ला, अर्धा पाव तसाच ठेवला. हे त्या अर्ध्या पावाकडे बघत होते. म्हटलं, आता ह्याचंही वजन करणार बहुतेक.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. "चल, अंडी खाऊन येऊ." दुपारी तेच. थोरली म्हणाली, "आई, बाबांना काय झालंय?" मी म्हटलं, "मला काय विचारतेस? तुझेच बाबा आहेत." मला तर ते जखमेवर मीठ चोळल्यासारखं वाटत होतं. ज्याच्यासाठी मी चौदा वर्षं भांडले ते आता न मागता मिळत होतं, आणि घशाखाली घास उतरत नव्हता.

आणि मग दुपारी मुलं पोहायला गेल्यावर मी जरा पडले होते, तर बाहेर खडखडाट. उठून बघते तर काय! मी पडले होते तो बिछाना आणि बाकाखालची भांड्यांची पेटी सोडून ह्यांनी अख्खा डबा रिकामा केलेला. गाद्या, उशा, पिशव्या, घडीच्या खुर्च्या, बादल्या, सगळं गवतावर मांडलेलं. झाडाच्या फांदीला आकड्याचा काटा टांगलेला. हे एकेक वस्तू लटकवतायत आणि वहीत बघतायत.

माझा संयम सुटला. "अहो, वेड लागलंय का तुम्हाला? लोक बघतायत! सहलीला आलोय की भंगार विकायला?"

"जरा बघतोय," हे म्हणाले. वर बघितलंसुद्धा नाही.

"काय बघताय? घरी मोजलं, यार्डात मोजलं, आता इथे मोजताय. झाडाची पानंही मोजून घ्या ना! मी इथे झोपायचा प्रयत्न करतेय, तुम्हाला दिसतंय का काही?"

"तू झोप," हे म्हणाले. "मी आवाज करत नाही."

आणि खरंच, त्यानंतर गाद्या अशा हळू उचलून ठेवल्या की मला अजूनच चीड आली. मी भिंतीकडे तोंड करून रडले. रागानेच रडले, दुसरं काही नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मुलं पुन्हा तळ्यावर गेली. हे पायरीवर बसले होते, मांडीवर वही. "चल, खाणावळ उघडली असेल," म्हणाले.

पुरे झालं. मी बाकाखालून पेटी ओढून काढली, ह्यांच्यासमोर आणून आपटली आणि झाकण उघडलं. "ही बघा. रिकामी आहे! मी शेगडी आणलीच नाही. मुद्दाम नाही आणली. तीन दिवस झाले आणि तुम्हाला पत्ता नाही. म्हणे किलोमास्तर! दिव्याखाली अंधार नुसता!"

ह्यांनी पेटीत बघितलंच नाही.

"माहितीये," म्हणाले. "काट्यावरच कळलं."

"कळलं? मग बोलला का नाहीत?"

"तुला नसेल करायचा स्वयंपाक. नको करूस. त्यात काय बोलायचं?" त्यांनी वहीचं पान माझ्याकडे वळवलं. पेन्सिलीने एक आकडा इतक्यांदा गिरवला होता की कागद फाटायला आला होता. "पेटी पंधराची. काट्यावर पंचवीस कमी आले. आमच्या काट्यात पाचाचा फरक पडतो, दहाचा नाही पडत."

मी पेटीचं झाकण लावलं.

"टाकी भरलेली होती. मुलांना आदल्या दिवशीच उभं केलं होतं. म्हटलं, पिशव्यांत काही राहिलं असेल, कोणीतरी काही काढलं असेल. काल सगळं उतरवून मोजलं. उशासुद्धा मोजल्या. सगळं जागच्या जागी आहे." त्यांनी बोट वहीत माझ्या नावाशी नेलं. "हे बासष्ट तेवढं मोजायचं राहिलं."

माझा राग उसळला, कारण माझ्याकडे दुसरं काही नव्हतंच. "तीन दिवस! तीन दिवस माहीत होतं आणि तुम्ही उशा मोजत बसलात? मला विचारायचं होतं ना! मी समोर होते. तोंड होतं ना तुम्हाला? मी किती महिने वाट बघतेय की हा माणूस कधीतरी एक शब्द विचारेल..."

"विचारायची भीती वाटली," हे म्हणाले. "अक्कांचं आठवलं. म्हटलं, आधी बाकीचं सगळं मोजून बघू. कुठेतरी सापडतील दहा किलो."

बावीस वर्षं काट्यावर बसलेला माणूस. ट्रकमधला लपवलेला मेहुणा शोधणारा. गवतावर उशा मांडून दहा किलो शोधत होता, आणि सापडावेत म्हणून देवाला विनवत असणार. मला हसू आलं नाही आणि रडूही आलं नाही. मी आत जाऊन पर्स आणली आणि कागद त्यांच्या हातात दिला.

ह्यांनी तो वाचला. तारीख बघितली. पुन्हा बघितली.

"ह्यावर तीन आठवड्यांपूर्वीची तारीख आहे."

"हो."

"केल्यास?"

"नाही."

मला वाटलं आता ओरडतील. ओरडावं असंही वाटलं, मग मलाही ओरडता आलं असतं. पण ह्यांनी कागदाची घडी घातली, शर्टाच्या खिशात ठेवली, खिशाचं बटण लावलं आणि उठून तळ्याच्या दिशेने मुलांना जोरात हाक मारली. अजून दोन दिवस राहायचे होते. मी म्हटलं, "अहो, उद्या निघू. मुलांचा विरस होईल. दोन दिवसांनी काय फरक पडतो?"

"चूप," हे म्हणाले. लग्नाला अठरा वर्षं झाली, कधी मला चूप म्हणाले नव्हते.

मग सामान आत गेलं. कसं गेलं म्हणून सांगू! पिशव्या दारातून आत भिरकावल्या. ओल्या टॉवेलांवर गाद्या, गाद्यांवर खुर्च्या. थोरली म्हणाली, "बाबा, जड पुढे ना?" मग तेवढं मात्र त्यांनी थांबून नीट लावलं. जड ते पुढे लावलं, आणि डबा मोटारीला जोडताना खिट्टी तीनदा ओढून बघितली. बाकी कशाकडे लक्ष नव्हतं. वही पायरीवरच राहिली होती, ती मी उचलली. नळाची रबरी नळी तशीच गवतात पडून होती. मुलं ओल्या केसांनी मागे बसली, भेदरलेली. कोणालाच काही सांगितलं नव्हतं.

मी पुढे बसले. ह्यांनी माझा पट्टा ओढून बघितला, तो सैल होता, तो त्यांनी घट्ट केला, आणि पुरेसा घट्ट होईना म्हणून पुन्हा ओढला. मग मोटार सुरू केली.

फाटकापाशी पोचलो तेव्हा धाकटा मागच्या काचेतून बघत ओरडला, "बाबा, फळीवर आजोबांची पाणसळ राहिली!"

"अहो, थांबा," मी म्हटलं. "मी पळत जाऊन आणते."

"राहू दे," हे म्हणाले. मोटार थांबली नाही.